थंड राखेला पाणी नाही

गव्हाणवाडी (झरीजवळ), ता. जि. परभणी
बुधवार, २० मे १९८७

सन्माननीय माधवराव यांस,

मार्तंडचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्राच्या आरंभी ‘कारण की’ लिहायचा आपल्याकडे रिवाज आहे, पण या पत्राला कारण म्हणून काही नाही. शाळेला सुट्टी आहे, दौतीतली शाई वाळत चालली आहे, आणि दुष्काळात कुठलीही पातळ वस्तू वाया जाऊ देऊ नये असं मीच गावाला शिकवलेलं असल्यामुळे ती आपल्यावर खर्च करतो आहे, इतकंच समजावं. आपला गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा उन्हाळ्यात दबतो असा माझा समज आहे. तो खरा असावा. आपल्या आडाला अजून दोन पुरुष पाणी आहे असं ऐकतो. ऐकून आनंद झाला. (दुसऱ्याच्या आडातल्या पाण्यानं आनंद होणं ही माणुसकीची वरची पायरी आहे. मी सध्या तिच्या एक पायरी खाली उभा आहे, पण प्रयत्न चालू आहे.)

आपली धाकटी बहीण सौ. सुमंगला आणि आमच्या मनकर्णा आत्या या दोघी आपल्याकडे सुखरूप पोचल्याचं मला एस.टी.च्या कंडक्टरकडून कळलं. त्याला आज एकोणीस दिवस झाले. (मी मोजत नाही. कॅलेंडर भिंतीवर आहे, येता-जाता दिसतं.) त्या कधी परतणार, हे विचारायला हे पत्र लिहिलेलं नाही. खुशाल राहाव्यात. ‘आपल्या घरात दोन चुली आहेत असं पाण्याच्या वहीत लिहाल, त्या दिवशी येईन,’ अशी अट सुमंगलानं जाताना घातली, ती आपल्या कानावर आलीच असेल. पण ती का घातली, हे आपल्याला एकाच बाजूनं कळलेलं असणार, आणि तेही दोन तोंडांनी. आपण आयुष्यभर कोर्टात कारकुनी केलेली. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय आपल्याला जेवण जात नाही, म्हणून ती कळवतो.

तर झालं असं. होळीला आमच्या सरकारी विहिरीनं तळ दाखवला. तळाशी काय काय निघालं ते सांगत बसत नाही (तीन कळशा, एक सायकलचं चाक, आणि माजी सरपंचांनी आठ वर्षांपूर्वी ‘बसवलेल्या’ पंपाची नुसतीच उद्घाटनाची पाटी). मग टँकर सुरू झाला. टँकरच्या दिवसाला दोन खेपा. एक कागदावर होते, एक रस्त्यावर. तो येतो, आणलेलं पाणी विहिरीत ओततो आणि जातो. मग तेच पाणी बायकांनी दोरी लावून पुन्हा वर काढायचं. (वरून खाली ओतलेली वस्तू खालून वर ओढण्याला योजना म्हणतात, हे इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवून मला ठाऊक नव्हतं.) पहिल्या आठवड्यात विहिरीच्या काठावर अशी झोंबाझोंबी झाली, की जेवढं पाणी घरी गेलं त्याच्या निम्मं काठावरच सांडलं. तेव्हा पाणीवाटप समिती नेमायची असं ठरलं.

आमचा सूर्यभान सरपंच माणूस धोरणी. ज्या कामात शिव्याच मिळायच्या, ते काम शिकलेल्या माणसाच्या गळ्यात घालावं, एवढं एक धोरण त्याला जन्मभर पुरलं आहे. मला म्हणाला, “गुरुजी, सकाळचीच शाळा हाय. दुपारून मोकळेच ऱ्हाताव की.” झालो अध्यक्ष. समितीत एक बाई हवी, म्हणून कडूबाई. ही दारोदार भाजी विकते. सध्या भाजीच नाही, तर नुसतीच दारोदार जाते. कुणाच्या घरी काय शिजलं आणि काय शिजलं नाही, हे तिला तलाठ्याच्या आधी कळतं.

अध्यक्ष झाल्यावर माणसानं प्रथम भिंती रंगवाव्यात. मी गेरू कालवून गावातल्या अकरा भिंतींवर ‘पाणी वाचवा’, ‘थेंबाचं मोल जाणा’ वगैरे सुविचार सुवाच्य अक्षरात लिहिले. शेवटच्या भिंतीला कडूबाई येऊन उभी राहिली. बराच वेळ बादलीत बघून तिनं विचारलं, “गेरू कालवायला पानी किती लागलं, गुरुजी?” दीड बादली लागलं होतं. ती म्हणाली, बरं झालं लिहिलं, आता लेकरं तहान लागली की वाचतील. त्यावर मी चावडीसमोर बायकांची सभा घेतली आणि तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला पाजावं, भांडी राखेनं कोरडीच घासावी, एका तांब्यात तोंड धुणं, अंग पुसणं आणि तुळस असं सगळं बसवावं, हे समजावून सांगितलं. बायका पदराआड एकमेकींकडे बघत होत्या. मला वाटलं, प्रभावित झाल्या. (त्या हे सगळं संक्रांतीपासून करत होत्या, हे मला माझ्याच घरात नंतर कळलं. माझ्या अंघोळीच्या पाण्यात माझेच सदरे बुचकळून निघत होते आणि तेच पाणी पुढं कडुनिंबाला जात होतं. मला वाटायचं, झाड काटक आहे.)

आता मूळ मुद्दा. पाणी वाटायचं कशाच्या हिशेबानं? मी म्हणालो, माणशी वाटू. सूर्यभाननं मान हलवली. म्हणाला, “मानसं मोजू नका. मानसं मोजली की पुन्याला गेलेलं प्वारगंबी घरातच निगतंय अन मेलेलं म्हातारंबी. चूल मोजा, गुरुजी. मानूस खोटं बोलतंय. चूल खोटं बोलत न्हाई.” मला हे वाक्य इतकं आवडलं, की मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. दर चुलीला रोज चार घागरी. गावात चुली भरल्या एकशे बत्तीस. सगळे समाधानानं घरी गेले, यातच मला शंका यायला हवी होती.

आठवड्याच्या आत चुली एकशे एकोणपन्नास झाल्या. माणूस एकही वाढलं नव्हतं. अंगणात तीन दगड मांडले की वेगळी चूल. बाप-लेक वेगळे, सासू-सून वेगळ्या, भाऊ-भाऊ वेगळे. धुरपताबाई म्हातारी घरात एकटीच राहते, तिच्याही दारात दोन चुली! विचारलं तर म्हणाली, “काय करावं गुरुजी, माजं माज्याशीच पटना.” अशा लबाडीला आळा घालायचा, म्हणून मी नियम काढला: रोज पहाटे समिती घरोघर फिरेल आणि राखेत हात घालून बघेल. राख गरम असेल ती चूल खरी. थंड राखेला पाणी नाही. राखेत हात घालायचं काम कडूबाईकडे. (तिचा हात भाकरीनं तयार झालेला आहे, माझा खडूनं.) झालं! लोकांनी खोट्या चुलीही पेटत्या ठेवायला सुरुवात केली. नुसती पेटती चूल बरी दिसत नाही, म्हणून तिच्यावर चहा चढायला लागला. माधवराव, या गावात एवढा चहा निजामाच्या अमलापासून कधी झाला नसेल. पाणी वाचवण्याच्या माझ्या योजनेनं गावाचं चहाचं पाणी तेवढं दुप्पट झालं, आणि गोवऱ्या संपल्या ते वेगळंच. चुली एकशे सत्त्याऐंशींवर गेल्या तेव्हा चार घागरींच्या तीन कराव्या लागल्या. ज्यांनी लबाडी केली नव्हती त्यांची एक घागर गेली. मग त्यांनीही केली.

तेव्हा मी शेवटचं अस्त्र काढलं. हुकूम असा, की वेगळं व्हायचं तर रीतीनं व्हा. मारुतीच्या पारावर चार माणसांदेखत घरची भांडी मांडा, वाटणी करा, मगच दुसरी चूल वहीत चढेल. आपल्याकडे भांडी दाराबाहेर काढणं म्हणजे घराची अब्रू बाहेर काढणं. मला वाटलं, लोक लाजतील आणि दगड उचलून घेतील. लाजले कुणीच नाहीत. सटवाजी आणि त्याचा धाकटा भाऊ पंडित पहिलेच आले. दोघांत तीस वर्षांत वाकडा शब्द नाही. पाण्यापुरतं खोटं वेगळं व्हायचं, असं ठरवून हसत-खेळत आले, भांड्यांचा ढीग मांडला, ताटं-वाट्या वाटून घेतल्या. शेवटी उरला पाणी तापवायचा तांब्याचा बंब. ह्यानं म्हणावं, “दादा, तूच घे”, त्यानं म्हणावं, “न्हाई, तूच घे.” इथवर गोड. मग सटवाजीची बायको हळूच म्हणाली, की तो माझ्या बापानं दिलेला आहे. पंडितची बायको म्हणाली, की कल्हई आमच्या पैशानं झाली. अर्ध्या घटकेत दोघे भाऊ बंबाच्या दोन कड्यांना धरून उभे. दिवाळीपासून ज्या बंबानं पाणी बघितलं नव्हतं, त्याच्यासाठी दोघं भाऊ खरेच वेगळे झाले. दुसऱ्या दिवशी समितीकडे दोघांचा मिळून अर्ज आला (शेवटचं काम मिळून केलं, तेवढं एक): ‘आम्हा उभयतांच्या दरम्यान भिंत घालणे असून चिखलासाठी सहा घागरी पाणी मंजूर व्हावे.’

मी नामंजूर केलं. तिथं सगळं बिघडलं. सटवाजी पारावर चढून ओरडला, “लोकांच्या चुली मोजायलेत, अध्यक्षाच्या घरी दोन हायत त्या दिसंनात का?”

माधवराव, आपल्याला ठाऊक आहे, माझ्या घरी दोन चुली आहेत. बावीस वर्षांपासून आहेत. आत्यांचं सोवळं, त्या आपल्या शेगडीवर आपलं वेगळं रांधतात. त्यांचं पाणी वेगळ्या कळशीत, आणि त्या कळशीला सुमंगलाखेरीज कुणी हात लावायचा नाही. (टँकरचं पाणी सोवळ्यात कसं चाललं, असं मी एकदा विचारलं. आत्या म्हणाल्या, वाहतं पाणी शुद्ध; चाकावर चालत येतं म्हणजे वाहतंच. शास्त्राला अडचण अशी कधीच नसते, अडाण्यांना असते.) सांगायचं तात्पर्य, एकशे सत्त्याऐंशी चुलींत दुसरी म्हणून खरी असलेली चूल अख्ख्या गावात एकच होती, आणि ती माझ्या घरात होती. पण सगळा गाव बघत होता. मी पारावर उभा राहिलो आणि म्हणालो, माझ्या घरी चूल एकच. आत्यांची शेगडी वहीतून कमी करा. टाळ्या पडल्या. सूर्यभाननं तर माझ्या गळ्यात हार घातला. (हार टँकर ड्रायव्हरच्या सत्कारासाठी आणलेला होता, पण तो त्या दिवशी आला नव्हता.)

घरी आलो तर सुमंगला विहिरीवरून परत आलेली. टाळ्या तिला रांगेत ऐकू आल्या होत्या, आणि कशाबद्दल पडल्या ते कडूबाईनं सांगितलं होतं. तिनं घागरी उतरवल्या. तीन. संध्याकाळी मी जरा कौतुकाच्या अपेक्षेनं विषय काढला, तेव्हा एवढंच म्हणाली, “इभ्रत तुमची, घागर माझी. तुमच्या टाळ्यांना किती पाणी लागतं ते मला विचारलंत का?” मी त्याग वगैरे काही बोललो. त्यावर तिनं विचारलं, की होळीपासून तुम्ही स्वतः विहिरीवरून किती घागरी आणल्यात? प्रश्न गैरलागू होता. अध्यक्षानं पाणी वाटायचं असतं. पण उत्तर सोपं होतं, हेही खरं.

पुढचे आठ दिवस मी तीन घागरींत दोन चुली, तीन माणसं आणि समितीच्या सभेसाठी माझा पांढरा सदरा हे सगळं बसताना बघितलं. म्हणजे मला बसल्यासारखंच दिसलं. आत्यांनी दुपारचं रांधणं सोडलं, हे मला कुणी सांगितलं नाही. सुमंगला आणि आत्या यांचं बावीस वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. आमटीत गूळ आधी की नंतर, खिडकी उघडी की बंद, मी लहानपणी देखणा होतो की नव्हतो, कशावरच नाही. आणि तीस एप्रिलच्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून दोघींचा हलक्या आवाजात बोलण्याचा आवाज आला. मध्ये हसल्याही. धोका तेव्हाच ओळखायला हवा होता. मला वाटलं, दुष्काळानं माणसं जवळ येतात.

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन. मी झेंडावंदन करून, निकाल वाटून घरी आलो तर घर रिकामं. पाण्याची वही माझ्या टेबलावर होती, आणि तिच्यावर आत्यांची शेगडी, नीट पुसून, पेपरवेट ठेवावा तशी. अटीचा निरोप कडूबाईकडे ठेवलेला. ती म्हणाली, “दोघीबी आठच्या गाडीनं गेल्या. म्हातारीला खिडकी दिली बाईंनी.” ही खिडकी मला फार लागली, माधवराव. बावीस वर्षांत झालं नव्हतं ते.

आता खरी मजा ऐका. तीन तारखेला पहाटे समिती फिरत फिरत माझ्या दारात आली. म्हणजे मी माझ्याच दारात आलो. कडूबाई सरळ आत गेली, चुलीत हात घातला आणि म्हणाली, “थंड.” मी म्हणालो, मी दोन दिवस दही-पोह्यांवर आहे. ती म्हणाली, “थंड राखंला पानी न्हाई. नेम तुमचाच हाय, गुरुजी.” सूर्यभाननं माझ्या पेनानं माझ्या वहीत माझं नाव खोडलं. मला एकाही घागरीचा हक्क राहिला नाही. दही-पोह्यातलं दही संपलं, आणि पोहे भिजवायला पाणी लागतं, हे मला त्या दिवशी समजलं.

मग मी चूल पेटवायला बसलो. पेटवण्याची कृती मी पाचवीच्या वर्गाला ‘ज्वलन’ या धड्यात दरवर्षी शिकवतो. धड्यात गोवरी ओली असल्याचा उल्लेख नाही. धूर खिडकीतून, कौलातून, दारातून एकदम बाहेर पडला. ‘गुरुजींचं घर पेटलं’ अशी बोंब झाली आणि शेजारून सटवाजी आपल्या दिवसाच्या तीनांतल्या दोन घागरी घेऊन धावत आला. एक चुलीवर ओतली, एक माझ्यावर. (माझ्याशी त्याचं बोलणं बंद होतं, तरी ओतल्या. तेही लिहिलं पाहिजे.) चूल विझली ती विझलीच. शिवाय त्या दोन घागरींच्या भरपाईचा अर्ज समितीकडे आला, तो मला अध्यक्ष या नात्यानं मंजूर करावा लागला, आणि देण्यासारखं माझ्याकडे काही नसल्यामुळे कडूबाईनं माझ्याकडून त्या रांगेतून आणून घेतल्या.

रांगेबद्दल दोन शब्द. ती दुपारी बाराला लागते आणि टँकर तीनला येतो. मी गेलो तर बायकांनी वाट करून दिली. मला वाटलं, मान. ती वाट सरळ शेपटाला जात होती. तीन तास उन्हात उभं राहिलं की गावाबद्दल इतकं कळतं, की वही ठेवायची गरज राहत नाही. कुणाची सून दिवस राहिलेली आहे म्हणून तिला पुढं सोडतात. कुणी आजारी आहे, तिची घागर शेजारीण भरते. सटवाजीची आणि पंडितची बायको भिंतीच्या दोन बाजूंना राहून दोरी मात्र एकच वापरतात. सरकारी पाण्याला जात नसते असं म्हणतात. रांगेला होती, आणि ती मोडलीही बायकांनीच, आमच्या सभेच्या आधी. मी अकरा भिंतींवर लिहीत होतो तेव्हा खरी समिती इथं उन्हात उभी होती. (हे मी फक्त आपल्याला लिहितो आहे.) घागर डोक्यावर घ्यायची कला मला साधली नाही, खांद्यावर घेतली, निम्मी सांडली. आता बरी साधते. मान उजवीकडे वळत नाही, पण उजवीकडे तसं बघण्यासारखंही काही नाही.

जेवणाचं म्हणाल तर गाव मला उपाशी ठेवत नाही. खोट्या चुलींमुळे घराला दोन-दोन स्वयंपाकघरं असल्यानं आमंत्रणंही दोन येतात. तेव्हा माझी काळजी नसावी. तात्त्विक भाग मात्र स्पष्ट करतो: गावासमोर दिलेला शब्द मी फिरवणार नाही. दुसरी चूल वहीत लिहिली जाणार नाही. आज लिहिली तर उद्या एकशे सत्त्याऐंशी लोक हसतील (चुली, म्हणजे). उद्या ग्रामसभा आहे, तिथंही मी हेच सांगणार. सुमंगलाला हे समजावून सांगावं, किंवा सांगू नये, आपल्या सोयीनं.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार, आडाला विशेष नमस्कार. लोभ आपला आहेच. या उन्हाळ्यात तेवढा एक आटलेला नाही, तो तसाच असावा.

आपला,
मार्तंड

ता. क. (गुरुवार, रात्री जेवणानंतर): वरचं पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. ग्रामसभा झाली. मी बोलायला उभा राहिलो. तोंडातून आलं ते असं: माझ्या घरी दोन चुली आहेत, बावीस वर्षांपासून आहेत, आणि मी पारावर खोटं बोललो, वहीत दोन लिहा. कुणी हसलं नाही. टाळ्याही पडल्या नाहीत. (एका खोट्याला हार आणि खऱ्याला जांभई, असा आमचा गाव.) मी वही उघडणार तर वही कडूबाईच्या मांडीवर. तिनं सांगितलं, आजपासून चुलीचा हिशेब बंद. गावात आज रात्री जेवढी माणसं निजतील तेवढ्यांना माणशी एक घागर, आणि कोण निजलं ते ती वहीशिवाय सांगेल. पुण्याचं प्वारगं तिच्यापाशी कुणी खपवून दाखवावं! संध्याकाळी खोट्या चुलींचे दगड लोकांनी निमूट बाजूला केले. सटवाजी-पंडितची भिंत कमरेएवढी झाली होती, कुठल्या पाण्यानं ते मी विचारलं नाही. दोघे तिच्यावर पाय सोडून बसले होते. नवा अध्यक्ष म्हणून कडूबाईचं नाव सूर्यभाननंच सुचवलं. शिव्या खायला मी नापास ठरलो असेन.

म्हणजे अट मान्य करायला मी निघालो तर अटच उरली नाही. आता वहीत लिहिण्यासारखं काही नाही, आणि सुमंगलाला दाखवण्यासारखंही. नुसतं तोंडानंच सांगावं लागेल.

आणखी ता. क. (शुक्रवार, सोनपेठ स्टँड): पोस्टानं हे पत्र पाच दिवस घेईल, म्हणून स्वतःच आपल्या गावी घेऊन आलो आहे. पण बायको रुसून माहेरी आलेली असताना बोलावल्याशिवाय जावयानं उंबरा चढू नये, एवढी रीत मला कळते. म्हणून स्टँडवरच्या रसवंतीवाल्याच्या हाती पत्र पाठवतो आहे. तो आपल्याला ओळखतो म्हणाला. आधीची पानं वाचली नाहीत तरी चालेल. सुमंगलाला नुसतं विचारा, की मी चुकलो, हे तिनं इथं येऊन ऐकायचं की मी तिथं येऊन सांगायचं. आत्यांनाही तेच विचारा. त्यांच्याही दुपारच्या जेवणाचं मला सांगायचं आहे. नाही म्हणाल्या तर तसंही कळवा, राग नाही.

शेवटचं ता. क.: परभणीची साडेचारची गाडी लागली आहे. लोक खिडक्यांतून चढायला लागले, म्हणून मीही खिडकीतून रुमाल, पिशवी आणि टोपी टाकून तीन जागा धरल्या आहेत. टोपी खिडकीच्या जागेवर आहे, ती आत्यांची. एक धटिंगण माणूस मघापासून रुमालाकडे बघतो आहे. मी त्याला सांगितलं आहे, की बाईमाणूस येणार आहे. माझा शब्द तेवढा सांभाळा, माधवराव.